मसुदा सगळ्यात शेवटी: प्रगत एआयचे नियम करणारं सरकारी पथक चालवताना कामाचा क्रम

एआयच्या नियमनाचं काम एखाद्या पथकाकडे आलं की पहिल्याच आठवड्यात एक प्रकार हमखास घडतो. कुणीतरी युरोपीय संघाचा एआय कायदा छापून आणतं, त्यातल्या व्याख्या हायलायटरने रंगवल्या जातात आणि 'आपल्याकडे बसेल असं करून' मसुदा टाइप व्हायला लागतो. तीन महिन्यांनी चाळीस पानं तयार होतात. पण हे नियम कुणाला लागू, राबवणार कोण आणि मूळ अधिनियमाच्या कोणत्या कलमावर उभे आहेत, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. नस्ती (फाइल) विधी मंत्रालयातून शेऱ्यांसकट परत आली तर ते नशीबच. परत न येता थेट राजपत्रात गेली, तर तेच प्रश्न न्यायालय विचारतं.

हा लेख अशा पथकाचं नेतृत्व करायला निघालेल्या माणसासाठी आहे, मग तो सहसचिव असो की बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ. उदाहरण केंद्र सरकारच्या पथकाचं घेतलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने एआय प्रशासनाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. तूर्त स्वतंत्र कायदा नको, आहेत ते कायदे वापरा आणि जिथे पोकळी दिसेल तिथे दुरुस्ती करा, असा त्यांचा सूर आहे. म्हणजे पुढची काही वर्षं तुमच्या हातात बहुधा नियम, निदेश आणि दुरुस्त्या एवढंच असेल. त्यात चुकायला भरपूर वाव आहे.

## टप्पा १: एका पानाचा कार्यादेश

पथक काय करणार, हे सगळे लिहितात. काय करणार नाही, हे कुणी लिहीत नाही. कार्यादेशाच्या पानाचा खालचा अर्धा भाग त्यासाठीच ठेवा आणि त्यावर सचिवांची सही घ्या.

'प्रगत एआय'चं काम मॉडेलच्या, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनामागच्या मूळ प्रणालीच्या पातळीवरचं आहे. अतिसक्षम मॉडेलमुळे सायबर हल्ला किंवा जैविक शस्त्र बनवणं कुणाला सोपं होईल का, मॉडेलचे वेट्स (प्रशिक्षणातून तयार झालेले, ज्यावर मॉडेल चालतं ते आकडे) चोरीला गेले तर काय, स्वतःहून कामं करणारी प्रणाली सूचनेबाहेर गेली तर कुणाला कळवायचं, असे हे प्रश्न आहेत. बँकेने एआय वापरून कर्ज नाकारलं, हा प्रश्न तितकाच खरा आहे, पण त्याला मालक आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या, आयआयटी मुंबईच्या पुष्पक भट्टाचार्य यांच्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रापुरता अहवाल दिला आहे. सेबीचंही स्वतःचं काम सुरू आहे. त्यांच्या अंगणात शिरलात तर पहिले सहा महिने आंतरविभागीय पत्रव्यवहारात जातील.

सावधान: डीपफेक तुमचा कार्यादेश गिळून टाकेल. एखाद्या नटाचा बनावट व्हिडिओ फिरला की दुपारपर्यंत 'तुमच्या पथकाने काय केलं?' अशी विचारणा येते. तो विषय मोठा आहे, पण वेगळा आहे. त्यासाठी वेगळी माणसं मागा, नाहीतर मूळ कामाला हातच लागणार नाही.

जाता जाता राज्यांबद्दल. मुंबईच्या मंत्रालयातून मॉडेल बनवणाऱ्या परदेशी कंपनीवर अटी घालता येतील, या भ्रमात राहू नका. राज्याची खरी ताकद खरेदीत आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने शेतीसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. अशा कामांच्या निविदांमध्ये 'मॉडेलची चाचणी कुणी केली, बिघाड झाला तर किती तासांत कळवणार' या अटी शासन निर्णयाने घालता येतात. त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

## टप्पा २: माणसं

सात-आठ जण पुरतात. पंचवीस जणांची समिती झाली की बैठकीची तारीख ठरवणं हेच काम होऊन बसतं.

दोन माणसं अशी हवीत, ज्यांनी स्वतःच्या हाताने मोठं मॉडेल प्रशिक्षित केलं आहे किंवा त्याच्या धोक्यांची चाचणी घेतली आहे. परिसंवादात बोलणारे वेगळे, ते भरपूर मिळतात. दुय्यम विधिविधान (अधिनियमाखाली सरकार करतं ते नियम) लिहिण्याचा सराव असलेला एक जण पहिल्या दिवसापासून हवा. मसुदा झाल्यावर 'कायदेशीर नजर टाकायला' बोलावलेला वकील फक्त स्वल्पविराम हलवू शकतो. सायबर घटना प्रत्यक्ष हाताळलेला एक जण आणि खर्चाचा हिशेब मांडणारा एक जण घ्या. शिवाय असा एक कक्ष अधिकारी हवा, ज्याला मंत्रालयातल्या नस्त्यांची चाल पाठ आहे. या शेवटच्या माणसाकडे पथकप्रमुखांचं सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. हाच माणूस पूर्वीच्या टिप्पण्या शोधून काढतो आणि 'साहेब, हा मुद्दा २०२१ मध्येही आला होता' हे वेळेवर सांगतो.

तंत्रज्ञांच्या बाबतीत हितसंबंधांची घोषणा लेखी घ्या आणि प्रश्न नेमका विचारा. 'तुमचा काही हितसंबंध आहे का?' याला उत्तर 'नाही' असंच येतं. 'आधीच्या कंपनीचे शेअर किंवा अजून न मिळालेले ईसॉप (कर्मचाऱ्याला ठराविक दराने शेअर घेण्याचा हक्क) आहेत का, किती आहेत, कधी मिळणार आहेत?' असं विचारलं की चित्र बदलतं. ईसॉप असणं हा गुन्हा नाही. त्या माणसाला चाचणीपद्धती ठरवण्यात ठेवा, कोणत्या कंपनीला नियम लागू हे ठरवण्यात ठेवू नका.

मॉडेल तपासायची प्रयोगशाळा पथकातच उभारायचा मोह होतो. तो टाळा. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेली भारताची एआय सुरक्षा संस्था वेगवेगळ्या शैक्षणिक संस्थांना जोडून काम करण्याच्या पद्धतीवर आखली आहे. तिच्याशी लेखी समजूत करा: कोणती चाचणी, किती दिवसांत, निकाल कुणाच्या ताब्यात.

तपासून पाहा: तुमच्या तंत्रज्ञाला कक्ष अधिकाऱ्यासमोर बसवा आणि 'मॉडेलचे वेट्स म्हणजे काय' हे समजावून सांगायला लावा. ऐकून कक्ष अधिकाऱ्याला त्यावर अर्ध्या पानाची टिप्पणी लिहिता आली, तर पथक जमलं. नाही आली, तर दोष कक्ष अधिकाऱ्याचा धरू नका.

## टप्पा ३: पाच प्रसंग लिहून काढा

व्याख्यांच्या आधी प्रसंग. प्रत्येक प्रसंग दहा ओळींचा, त्यात माणूस, जागा आणि वेळ असली पाहिजे. मी सुचवेन ते पाच असे.

पहिला: अमेरिकेतली कंपनी नवं शक्तिशाली मॉडेल इंटरनेटवरून उपलब्ध करते. भारतात तिचे लाखो वापरकर्ते आहेत, कार्यालय नाही.

दुसरा: परदेशात कुणी मॉडेलचे वेट्स खुले करून टाकतं. पुण्यातला एक स्टार्टअप ते उतरवून घेतो आणि मराठीतून शेतीसल्ला देण्यासाठी त्याचं फाइन-ट्यूनिंग (विशिष्ट कामासाठी थोडं जास्तीचं प्रशिक्षण) करतो. या खटाटोपात धोकादायक प्रश्नांना मूळ मॉडेलमध्ये घातलेले नकार सैल पडतात आणि ते घातक रसायनं बनवायच्या कृतीही सांगू लागतं. फाइन-ट्यूनिंगने असं होऊ शकतं, त्यामागे वाईट हेतू असावा लागत नाही. जबाबदार कोण?

तिसरा: नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमधून एका मॉडेलचे वेट्स चोरीला जातात. कंपनीला हे शुक्रवारी रात्री कळतं.

चौथा: एका कंपनीच्या नेटवर्कवर काम करणारा एआय एजंट (स्वतःहून कामं करणारी प्रणाली) कुणी न सांगता बॅकअप पुसून टाकतो. हा बिघाड की घटना? कळवायचा की नाही?

पाचवा: एका विद्यापीठातला संशोधनगट मोठं मॉडेल प्रशिक्षित करतो, पण बाहेर सोडत नाही.

हे पाच कागद भिंतीवर लावा. पुढच्या प्रत्येक टप्प्याला एकच परीक्षा: या पाचांत काय होतं? युरोपीय संघाच्या कायद्याचा एप्रिल २०२१ चा मूळ प्रस्ताव वापराच्या प्रकारांभोवती बांधला होता. कशालाही वापरता येणाऱ्या मॉडेलसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण नव्हतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ते प्रकरण वाटाघाटी सुरू असताना मधेच घुसवावं लागलं. सहावा प्रसंग कुठून येईल, याचा विचार करणारा एक माणूस पथकात कायम ठेवायचा तो यासाठी.

## टप्पा ४: पाय कुठे ठेवायचा

इथे घाई केली की पुढचं सगळं कोसळतं, म्हणून इथे सर्वात जास्त वेळ द्या. महिना गेला तरी चालेल.

एक तक्ता करा. डावीकडे पाच प्रसंग, वर आजचे कायदे. प्रत्येक चौकोनात 'लागू', 'अंशतः' किंवा 'नाही' लिहा आणि सोबत कलम क्रमांक. कलमाशिवाय 'लागू' लिहायला परवानगी नाही.

तक्ता भरताना पहिली अडचण 'मध्यस्थ' या शब्दाशी येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधला मध्यस्थ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने माहिती घेणारा, साठवणारा किंवा पोहोचवणारा. कलम ७९ चं संरक्षण मिळवायला त्याने मजकुरात निवड किंवा फेरफार केलेली चालत नाही. मॉडेल तर मजकूर स्वतः तयार करतं. मग ते बनवणारी कंपनी मध्यस्थ आहे का? 'आहे' म्हणालात तर मध्यस्थांसाठीचे २०२१ चे नियम वापरता येतात, पण कलमाच्या भाषेशी झटापट करावी लागते. 'नाही' म्हणालात तर ते नियम तिला बांधत नाहीत. यावर विधी मंत्रालयाचा लेखी अभिप्राय घ्या, आणि तो येईपर्यंत मसुद्याची फाइल उघडू नका.

दुसरीकडे काही पाया तयारच असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने याच अधिनियमाच्या कलम ७०ब खाली २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेले निदेश पाहा. सायबर घटना सहा तासांत कळवायची, असं ते सांगतात. कळवायच्या घटनांच्या यादीत एआय आणि मशीन लर्निंगशी संबंधित प्रणालींवरचे हल्ले आधीपासून आहेत. म्हणजे तिसऱ्या प्रसंगातली वेट्सची चोरी आजच सहा तासांत कळवावी लागेल. चौथ्या प्रसंगात मात्र बाहेरून हल्ला झालेलाच नाही. एजंटने आपणहून केलं. तिथे पोकळी आहे, आणि तुमच्या नियमाची जागा तिथे आहे.

आता नेहमीच्या तीन चुका.

*सूचनापत्रातून कायदा करणं.* १ मार्च २०२४ रोजी केंद्राने सूचनापत्र काढलं: चाचणी अपुरी असलेली किंवा भरवशाची नसलेली मॉडेलं भारतातल्या वापरकर्त्यांना देण्याआधी सरकारची स्पष्ट परवानगी घ्या. कोणत्या कलमाखाली, परवानगी कोण देणार, किती दिवसांत, यातलं काही त्यात नव्हतं. हे स्टार्टअपना लागू नाही, असा खुलासा राज्यमंत्र्यांना समाजमाध्यमावर करावा लागला. १५ मार्चला नवं सूचनापत्र आलं आणि परवानगीची अट गेली. चौदा दिवस. नव्या पथकप्रमुखाला मी ही दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचायला लावेन.

*मोघम शब्द.* पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून २०१२ मध्ये अटक झाली, तो प्रसंग मराठी वाचकाला आठवत असेल. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ज्या कलम ६६अ ची तेव्हा देशभर चर्चा झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. त्यातले शब्द इतके मोघम होते की काय केलं तर गुन्हा, हे नागरिकालाही कळेना आणि पोलिसालाही. 'घातक', 'अविश्वसनीय', 'अयोग्य' हे शब्द तुमच्या मसुद्यात व्याख्येशिवाय उभे राहणार असतील, तर तुम्ही त्याच वाटेवर आहात.

*मूळ अधिनियमापलीकडे जाणं.* केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा की खरा, हे ठरवणारा सरकारी तथ्यतपासणी कक्ष २०२३ च्या दुरुस्तीने आणला गेला. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. मोघमपणा, मूलभूत हक्क आणि मूळ अधिनियमाबाहेर जाणं, तिन्ही मुद्दे त्यात होते. पूर्ण निकाल वाचा. सारांशावर भागवू नका.

तपासून पाहा: प्रत्येक प्रस्तावित बंधनासमोर मूळ अधिनियमाचं उपकलम लिहिता येतं का? येत नसेल तर ते बंधन नियमात नको. त्यासाठी अधिनियमात दुरुस्ती लागेल आणि तो रस्ता संसदेतून जातो. हे वर सांगायचं धाडस लवकर करा. उशिरा सांगितलेली अडचण सबब वाटते.

## टप्पा ५: उंबरठा

नियम सगळ्यांना लागू केले तर पुण्याचा स्टार्टअप मरतो. कुणालाच नेमके लागू नसतील तर मोठे सुटतात. म्हणून उंबरठा लागतो. आज जगात सर्वात जास्त वापरला जाणारा उंबरठा म्हणजे प्रशिक्षणाला लागलेलं कॉम्प्युट, अर्थात एकूण गणितक्रियांची संख्या. युरोपीय संघाचा आकडा १० चा २५वा घात. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात १० चा २६वा घात आहे, आणि जड बंधनांसाठी वर ५० कोटी डॉलरच्या वार्षिक उलाढालीची अट.

हा आकडा कंपनीने सांगितला म्हणून मानायचा नाही. ढोबळ हिशेब पथकातल्या प्रत्येकाला यायला हवा: सहा गुणिले पॅरामीटरची (मॉडेलमधल्या वेट्सची) संख्या गुणिले प्रशिक्षणाच्या टोकनांची (मजकुराच्या लहान तुकड्यांची) संख्या. मेटाच्या लामा ३.१ चं मोठं मॉडेल घ्या. ४०५ अब्ज पॅरामीटर, सुमारे १५.६ लाख कोटी टोकन. गुणाकार येतो साधारण ३.८ गुणिले १० चा २५वा घात. युरोपच्या उंबरठ्याच्या वर, कॅलिफोर्नियाच्या खाली.

आता चूक कुठे होते ते पाहा. डीपसीक-व्ही३ या चिनी मॉडेलमध्ये एकूण ६७१ अब्ज पॅरामीटर आहेत आणि ते १४.८ लाख कोटी टोकनांवर प्रशिक्षित झालं. सरळ गुणाकार केला तर ६ गुणिले १० चा २५वा घात येतो, म्हणजे युरोपच्या उंबरठ्याच्या सहापट. पण या मॉडेलची रचना अशी आहे की एका टोकनासाठी फक्त ३७ अब्ज पॅरामीटर कामाला लागतात. हिशेबात ३७ धरायचे. मग उत्तर येतं सुमारे ३.३ गुणिले १० चा २४वा घात, म्हणजे उंबरठ्याच्या एक तृतीयांश. एक आकडा चुकला की उत्तर उलटं होतं. अशी चूक राजपत्रात गेली तर पहिल्याच सुनावणीत समोरचा वकील कॅल्क्युलेटर काढेल.

या उदाहरणातच उंबरठ्याची मर्यादाही दिसते. उंबरठ्याच्या खूप खाली राहूनही मॉडेल जगातल्या अव्वल मॉडेलांच्या पंक्तीत बसू शकतं. शिवाय हल्ली उत्तर देताना जास्त वेळ 'विचार' करायला लावून क्षमता वाढवतात. ती गणना प्रशिक्षणाच्या हिशेबात येतच नाही. म्हणून युरोपने हा आकडा केवळ गृहीतक म्हणून ठेवला आहे. कंपनी ते खोडून काढायचा प्रयत्न करू शकते आणि उंबरठ्याखालचं मॉडेलही युरोपीय आयोगाला यादीत घेता येतं. ही दोन्ही दारं तुमच्या रचनेत हवीत: वरून खाली सुटायचं आणि खालून वर घ्यायचं. दोन्हींना कारणं लेखी द्यावी लागतील अशी तरतूद करा.

आकडा अनुसूचीत टाका, नियमाच्या पोटात नको. वर्षाला एकदा त्याचा आढावा घेणं बंधनकारक करा.

तपासून पाहा: दुसरा आणि पाचवा प्रसंग भिंतीवरून काढून आणा. पुण्याच्या स्टार्टअपने मूळ मॉडेलच्या तुलनेत नगण्य कॉम्प्युट वापरलं आहे. तुमच्या रचनेत त्याला मूळ कंपनीची सगळी बंधनं लागू होत असतील तर रचना चुकली. काहीच लागू होत नसेल तरी चुकली.

## टप्पा ६: फॉर्म आधी, नियम नंतर

बंधनांचा विचार सुरू झाला की पथकं तत्त्वांवर बोलू लागतात: पारदर्शकता, उत्तरदायित्व, न्याय्यता. त्याऐवजी एक पानाचा कोरा फॉर्म घ्या. घटना घडली की कंपनीने तुम्हाला काय कळवायचं? मॉडेलचं नाव, कधी कळलं, काय झालं, अजून चालू आहे का, किती लोकांवर परिणाम, संपर्काचा माणूस. फॉर्म भरून पाहा, तिसरा आणि चौथा प्रसंग घेऊन. भरता आला नाही तर नियमही पाळता येणार नाही.

मग मुदत. सर्ट-इनचे सहा तास हल्ल्यासाठी ठीक आहेत. चौथ्या प्रसंगात नेमकं काय झालं हे समजायलाच दोन दिवस लागतील. कॅलिफोर्नियाने गंभीर घटनेसाठी पंधरा दिवस आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर चोवीस तास ठेवले आहेत. दोन पायऱ्यांची ही पद्धत मला पटते: आधी त्रोटक कळवा, मग तपशील.

एका बैठकीत मी विचारलं होतं, 'शनिवारी रात्री अहवाल आला तर उघडणार कोण?' थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, 'सर, आपण ईमेल आयडी तयार करू.' अशी उत्तरं आली की समजायचं, हा टप्पा अजून झालेला नाही. पाळीचं वेळापत्रक, पदनाम आणि वरिष्ठांना कळवायची साखळी कागदावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आलेले अहवाल ठेवणार कुठे, हेही याच टप्प्यात ठरवा. त्यांत मॉडेलच्या कच्च्या दुव्यांची माहिती असेल. माहिती अधिकारात अर्ज आला तर कोणता भाग द्यायचा आणि कोणता कलम ८(१)(अ) (देशाची सुरक्षा) किंवा (ड) (व्यापारी गुपितं) खाली रोखायचा, याची टिप्पणी आधीच तयार ठेवा. सगळंच 'गोपनीय' म्हणून बांधून ठेवलं तर लोकांचा विश्वास जातो. सगळं उघडं ठेवलं तर कंपन्या कळवणं थांबवतात.

परदेशी कंपनीला पकडायचं कसं? २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना भारतात राहणारा मुख्य अनुपालन अधिकारी नेमायला लावला. तसाच मार्ग इथे सुचतो. पण पहिल्या प्रसंगातल्या कंपनीला तो लागू करताना टप्पा ४ मधला 'मध्यस्थ'चा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. म्हणूनच तो आधी सोडवायचा होता.

## टप्पा ७: आता मसुदा

इथपर्यंत नीट आलात तर मसुदा दोन आठवड्यांत होतो. प्रत्येक नियमाचं वाक्य चार प्रश्नांना उत्तर देणारं हवं: कुणी, काय, केव्हापर्यंत, नाही केलं तर काय. चौथं उत्तर नसेल तर ती सूचना झाली, नियम झाला नाही.

आकडा लिहाल तर त्यामागचं कारण नस्तीत असू द्या. मध्यस्थांसाठीच्या नियमांतल्या दुरुस्तीच्या ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात, एआयने बनवलेल्या कृत्रिम मजकुरावरच्या खुणेने दृश्याचा किमान १० टक्के भाग व्यापावा, अशी अट होती. अकरा का नाही, पाच का नाही, असं लोकांनी विचारलं. फेब्रुवारी २०२६ च्या अंतिम नियमांत तो आकडा राहिला नाही.

हिंदी आणि इंग्रजी पाठ शेजारी ठेवून एकाच माणसाने मोठ्याने वाचावेत. एका पाठात 'करील' आणि दुसऱ्यात 'करू शकेल' असं निघालं तर वाद तिथूनच सुरू होतो.

## टप्पा ८: हरकती आणि सूचना

केंद्राच्या २०१४ च्या पूर्वविधान सल्लामसलत धोरणात मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायला सांगितलं आहे. वरून घाई होईल. तीस दिवसांचा आग्रह धरा आणि तो नस्तीवर नोंदवा. मसुद्यासोबत पाच प्रसंगही प्रसिद्ध करा: 'आमच्या मते या प्रसंगात हे होईल, तुमचं मत?' याने हरकतींचा दर्जा एकदम सुधारतो, कारण लोकांना धरायला काहीतरी मिळतं.

सूचना नियमनिहाय तक्त्यात मांडा: मुद्दा, कुणाचा, स्वीकारला की नाही, का. मतमोजणी करू नका. एकाच कारखान्यातून निघालेली शंभर सारखी पत्रं म्हणजे एक मुद्दा. एखाद्या निवृत्त अभियंत्याने नाशिकहून मराठीत पाठवलेलं एकच पत्र उंबरठ्याच्या हिशेबातली चूक दाखवत असेल, तर ते शंभरांच्या वर. मराठीतलं पत्र वाचणारं कुणीतरी पथकात आहे ना, हेही पाहून ठेवा.

मोठ्या कंपन्यांची पत्रं शेवटच्या दिवशी संध्याकाळी येतात. खरं बोलणं त्याआधी भेटीत झालेलं असतं. म्हणून प्रत्येक भेटीला दोन अधिकारी आणि त्याच दिवशी लिहिलेलं इतिवृत्त, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. आलेल्या सूचना जाहीर करणार की नाही, हे मसुद्यासोबतच सांगा. जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला तेव्हा सूचना उघड केल्या जाणार नाहीत, असं आधीच सांगितलं होतं. मला ती पद्धत पटत नाही. पण आधी सांगितलं, हे बरोबर केलं.

## टप्पा ९: तारखा, आणि बदलीची ऑर्डर

बंधनाची तारीख ठरवण्याआधी ते पाळायला लागणारं मानक तयार आहे का, ते बघा. युरोपने जास्त जोखमीच्या प्रणालींसाठी ऑगस्ट २०२६ ची तारीख कायद्यातच घातली. मानकं वेळेत झाली नाहीत आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगालाच मुदत पुढे ढकलायचा प्रस्ताव मांडावा लागला. तारीख मानकाला जोडा: 'मानक अधिसूचित झाल्यापासून १८० दिवस'. घटना कळवण्याच्या बंधनाला मात्र मानक लागत नाही. ते लगेच सुरू करा, तुमची शिकण्याची सोय तीच आहे.

नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवावे लागतात. दुय्यम विधिविधान समितीकडून कधीही विचारणा येऊ शकते. टप्पा ४ चा तक्ता आणि टप्पा ८ चा तक्ता, दोन्ही झेरॉक्स काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

नियम अमलात आल्यावर पहिल्या महिन्यातच एक खोटी घटना घडवून आणा. एखाद्या कंपनीला विश्वासात घ्या, शनिवारी रात्री फॉर्म पाठवायला सांगा आणि घड्याळ लावा.

आणि बदली. अशा पदावर दोन-तीन वर्षांहून जास्त कुणी टिकत नाही. तुमच्यानंतर येणाऱ्यासाठी चार पानांची टिप्पणी ठेवा: भिंतीवरचे पाच प्रसंग, प्रत्येकात आजच्या नियमांनी काय होतं, कुठे अजून भोक आहे, आणि कोणत्या मुद्द्यावर विधी मंत्रालयाचा अभिप्राय प्रलंबित आहे. पाचवं पान कोरं जोडा, वर फक्त 'प्रसंग ६' एवढं लिहून.